गोदावरीच्या वाळूतला मिसर

हे आत्ताच सांगतो, न्हाई तर आज जेवण घशाखाली उतरायचं न्हाई. आमच्या गंगाखेडात, गोदावरीच्या वाळूत, मिसरनं हंगेरीला हरवलं. आणि हरवणाऱ्यांत मी होतो.

झालं असं, निजामाच्या राजवटीतल्या आमच्या मदरशाचे, म्हणजे शाळेचे, ड्रिल मास्तर स्टेशनावरून हैदराबादचा उर्दू अखबार आणायचे. त्यात त्यांनी वाचून दाखवलं, की फुटबॉलच्या जगभरच्या स्पर्धेला अख्ख्या आफ्रिकेतून एकटा मिसर, म्हणजे इजिप्त, इटलीला गेला. समोर हंगेरी. मिसरवर दोन गोल चढले, मिसरनं दोन्ही फेडले, आणि मग चार-दोननं हरला. आमची तोंडं पडली. मिसर कुठं हाय ते नंतर नकाशात शोधलं, पण दोन गोल फेडले म्हणल्याबरोबर तो आमचाच झाला होता.

मास्तर म्हणले, "रोते क्या? जुम्मे को छुट्टी है, नदी में फिर से खेलो. एक मिसर, एक हंगेरी. जो जीतेगा वो परभणी खेलने जाएगा."

हंगेरी कुणालाच व्हायचं नव्हतं. खापरीला एका बाजूनं थुंकी लावली, उडवली, मी ओली म्हणलो, ओलीच पडली. आमी मिसर.

माझं मात्र सगळंच त्या जुम्म्यावर टांगलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, घाटावर भिक्षुकी करायचे. त्यांनी बजावलं होतं, "परभणीला निवड झाली तर खेळ. न्हाई तर ते चामडं सोड आणि माझ्याशेजारी पाटावर बस."

चामड्याचा म्हणून बॉल आमच्या घरात यायचा न्हाई, गोठ्यात राहायचा. जुम्म्याच्या सकाळी बघतो तर म्हशीनं त्याच्यावर पाय दिलेला. आतला फुगा फाटला.

"क्या मियाँ," मास्तर म्हणले, "ये भैंस हंगेरी की है क्या?"

मग एकानं घरून कापूस आणला. ठासून भरला, वादी ओढून तोंड बांधलं, आणि खेळायला लागलो. कापसाचा बॉल उडतच न्हाई. हंगेरीनं दोन गोल घातले. आमी दोन्ही फेडले.

"बिल्कुल अखबार के माफिक," मास्तर खूश. आमी न्हाई. अखबारात पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात बॉल धारेला लागला आणि घाटाकडं वाहत निघाला. पुढं डोह, आणि दुसरा बॉल गावात न्हाई. घाटाच्या खालच्या पायरीवर अण्णा सोवळ्यात, बोटात दर्भ, समोर यजमान.

"अण्णा, अडवा!"

अण्णांनी बॉलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दर्भाच्या हातानं कसा धरणार? सोवळं सावरलं आणि पायानं असा मारला की तो माझ्या गुडघ्याशी आला. यजमान तोंड उघडं टाकून बघायलेत.

"आता मला परत बुडी मारावी लागणार," अण्णा म्हणले. "हरून घरी येऊ नको."

भिजलेला बॉल म्हणजे निव्वळ धोंडा. हंगेरीच्या सगळ्यात दांडग्या गड्यानं लांबून पळत येऊन लाथ घातली. बॉल हातभर सरकला, गडी अंगठा धरून खाली बसला. मी लाथ मारलीच न्हाई. पायाच्या कडेनं ढकलत, वाळू उकरत नेला. त्यांचा गोलकीपर उडी मारायला तयार, आणि बॉल खालून गोगलगायीसारखा आत. तीन-दोन. मास्तरांनी शिट्टी मारली आणि मिसर जिंकला.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "म्हणजे परभणीला जाणार?"

"जाणार."

"मग येताना स्टेशनच्या नळावर आंघोळ करून ये. न्हाई तर तूबी गोठ्यात झोपशील."

मला तर तवापासून मिसर म्हणजे नदीपलीकडचं गावच वाटायलंय. तुमच्यासंग झालंय का असं? कधी डोळ्यांनी न बघितलेली टीम एका दिवसात घरची झाली, असं?