आरोंद्याच्या टॉवरवरची नोंद

आमच्या गावात प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी दिसल्याच्या गोष्टी आहेत. मी त्या ऐकत वाढले, पण एकीवरही विश्वास ठेवला नाही. ही गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे, म्हणून लिहितेय... एरवी लिहिली नसती.

२००८ मध्ये मी पुण्यात एका संशोधन प्रकल्पावर होते. शहरातली माणसं सकाळी कुठून निघतात, दुपारी कुठे असतात, रात्री कुठे परततात, हे मोबाईल टॉवरच्या नोंदींवरून शोधायचं काम. लोकांची नावं आम्हाला कळत नसत. पण पद्धत तपासायला ओळखीच्या काही जणांचे नंबर त्यांच्या संमतीने घेतले होते. त्यात माझा मोठा भाऊ बाबलदादा होता. मालवणला त्याची मासेमारीची होडी. संमतीच्या कागदावर सही करताना तो हसला होता. "माजो दिवस बघून तुका काय गावतला? घर, जेटी, दर्या, घर."

खरंच तसंच दिसायचं. मग मध्ये काही दिवस त्याची नोंदच आली नाही. होडी लांब जात असेल, रेंज मिळत नसेल, असं मी धरून चालले.

पावसाळी बंदी उठून मासेमारी नुकतीच सुरू झाली होती. एका सकाळी वहिनीचा फोन आला – होडी उलटली. बरोबरच्या दोघांना दुसऱ्या होडीने वाचवलं, दादा सापडत नव्हता. दिवसभर मालवणपासून देवबागपर्यंत शोध चालला. मी रात्रीच निघणार होते, पण बस मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला गेले, कारण आदल्या दिवसाच्या नोंदी तेव्हा यायच्या. दादाच्या नंबरपुढे एकच नोंद होती. आदल्या दुपारची. टॉवर आरोंद्याचा – पार गोव्याच्या हद्दीजवळ, खाडीकाठी.

तिकडे शोधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी ताबडतोब घरी फोन केला. गावातली माणसं जीप करून गेली. दुपारपर्यंत दादा सापडला, खाडीतल्या खारफुटीत अडकलेला. तो गेला होता.

फोंडाघाट उतरून मी घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. सगळं उरकल्यावर मी वहिनीला विचारलं, दादाच्या खिशातला फोन पोलिसांनी परत दिला का.

ती उठून देवाच्या फळीवरून स्टीलचा डबा घेऊन आली. आत फोन सुटा करून ठेवलेला. बॅटरी वेगळी, सिमकार्ड चिंधीत गुंडाळलेलं.

"मागच्या आठवड्यात पाण्यात पडलेलो," ती म्हणाली. "सुकाक ठेवलेलो. फोन तेंनी व्हरूकच नाय गो."

म्हणजे त्या दिवशी दादाने फोन बरोबर नेलाच नव्हता. न आलेल्या नोंदींचा अर्थ आता लागत होता. पण आलेल्या त्या एका नोंदीचा?

पुण्यात परतल्यावर मी ते सगळं पुन्हा तपासलं. माझे वरिष्ठ म्हणाले, टॉवरचा कोड चुकला असेल, अशा चुका होतात. होतात, मलाही ठाऊक आहे. पण मोबाईल कंपनीकडून खात्री करून घेतली – कोड बरोबर होता, नंबर बरोबर होता. आणि चूकच असेल, तर ती नेमकी आरोंद्यालाच कशी झाली?

वहिनीला यातलं काही समजावून सांगता आलं नाही. बाराव्याला मी पुन्हा गावी गेले, तेव्हा माणसं पांगल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. दुपारी नोंद झाली आणि माणसं दुसऱ्या दिवशी पोचली, एवढं मात्र तिला नीट कळलं होतं.

"ते थंय पावले तेव्हा जिते होते काय गो?"

मी नाही म्हटलं, तिथे पोचला तेव्हा तो जिवंत नव्हता. ठामपणे म्हटलं. डॉक्टरांनाही मृत्यूची नक्की वेळ सांगता आली नव्हती, हे तिला सांगितलं नाही. तिने मान हलवली आणि भांडी घासायला उठली.

खरं उत्तर मला आजही माहीत नाही.