तबेल्यातली शिट्टी

शिट्टी म्हटली की लोकांना पंच आठवतो, नाहीतर चौकातला वाहतूक पोलीस. मला सरकारी रुग्णालयातला एक बोळ आठवतो आणि त्या बोळात हळू, लांबवून मारलेली एक शिट्टी. त्या शिट्टीने मला गुन्हा उलगडून दिला. पुढे तो गुन्हा माझ्या हातातून काढून घेतला गेला, ते आजही मला सहन होत नाही. नावं कुणाचीच घेणार नाही. काहींची घ्यावीत असं फार वाटतं, पण कायदा मला ठाऊक आहे.

मी बेंगळुरूचाच. वडील चिकपेटात कापडाच्या दुकानात गाद्यांवर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचे. दुकान दुसऱ्याचं, पाठदुखी वडिलांची. शाळा सुटली की मी तिथेच. उठून निघालेलं गिऱ्हाईक दारात मागे वळून बघतं का, यावर सौदा ठरतो, हे मी तिथे शिकलो. पोलीस खात्यात शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंत वर चढलो तो याच शिदोरीवर. कुणाचा पुतण्या म्हणून नाही.

त्या सकाळी ठाण्यात हजेरी चालू होती. रात्रपाळीवाले जांभया देत होते, हेड कॉन्स्टेबल लॉकअपमधली माणसं मोजत होता. तेवढ्यात रुग्णालयातल्या अपघात विभागाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"सर, एक कबड्डीपटू आणलाय. इथे पोचायच्या आधीच गेलेला. सोबतचे लोक डेंग्यू म्हणतायत. पोस्टमॉर्टेम नको, गावी न्यायचंय म्हणून मागे लागलेत. पण याच्या मांड्यांवर सुयांचे वण आहेत. तुम्ही लगेच या."

मी गेलो. मृतदेहाजवळ रडतं कोण, याआधी गाडीची घाई कोण करतंय ते बघावं, ही माझी जुनी सवय. घाई करत होता तो संघाचा व्यवस्थापक. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्याने लगेच मराठी सुरू केली.

"सर, आपण मराठी, बरं झालं! फॅमिलीला ट्रॉमा नको हो. बॉडी लवकर मिळाली तर बरं. आणि हा स्पोर्ट्स मॅटर आहे, सर. आमची इंटर्नल कमिटी आहे, ती बघेल."

"तुमची कमिटी शवविच्छेदन करते का?" मी विचारलं.

"तसं नाही, पण..."

"मग बाजूला व्हा."

मी जोरात बोललो हे कबूल. माझा आवाज चढतो, तो आधीपासून चढतो. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, शवविच्छेदनाचा अर्ज दिला. पंचवीस-सव्विशीतला, दगडासारख्या अंगाचा तो बचावपटू सरावात उभ्याउभ्या कोसळला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय वाजवीपेक्षा मोठं झालेलं होतं. नमुने प्रयोगशाळेत गेले. तिथून उत्तर यायला किती वेळ लागतो, हे ज्याने सरकारी नोकरी केली त्याला सांगायला नको.

संघ उतरला होता चामराजपेटेत, एका कल्याण मंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, वरच्या मजल्यावर. मृताच्या खोलीत दोन खाटा. दुसरी खाट होती चढाईपटूची. तो साताऱ्याकडचा, मृताच्या शेजारच्याच गावचा. दोघे एका मैदानावर वाढलेले. चढाईपटूपाशी खेळाशिवाय काही नव्हतं. दहावी अर्धवट, शेत नाही. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळेल एवढी एकच आशा, आणि त्यासाठी आणखी एक हंगाम नाव राखून खेळायला हवा होता.

"काय टोचून घेत होता तुझा मित्र?"

"मला काय म्हाईत न्हाय, सायेब."

"तू घेत होतास?"

"न्हाय."

नजर मेलेल्या मित्राच्या खाटेवर. तिथे त्याचे बूट अजून तसेच होते. मी बडबडलो, टेबलावर हात आपटला, तो हलला नाही. घाबरलेला माणूस बोलतो. ज्याच्यापाशी गमवायला काही आहे तो बोलत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मित्राने घेतलं ते यानेही घेतलं असेल तर याचाही जीव धोक्यात आहे, तपासून घ्या. त्याला तेवढं पटलं. व्यवस्थापकाने त्याच्याबरोबर संघाचा मालिशवाला पाठवला. काळजी घ्यायला म्हणाला. मला ठाऊक होतं, पाळत ठेवायला. मालिशवाला आमच्यासारखाच इथल्या जुन्या मराठी घरातला, साठीकडे झुकलेला, प्रत्येकाला अण्णा म्हणणारा.

रुग्णालयात रक्त झालं. लघवीचा नमुना काही होईना. पोरगा बाटली घेऊन मोरीत उभा, मनाने पार आटलेला. आम्ही बाहेर बोळात. हेड कॉन्स्टेबल वैतागून म्हणाला, "सर, याला तांब्याभर पाणी पाजू या का?"

"स्वल्प थांबा," मालिशवाला म्हणाला. मग दाराकडे तोंड करून त्याने ती शिट्टी मारली. सूर नाही, गाणं नाही. एकाच पट्टीत, हळू, लांब, पुन्हा पुन्हा. आत कुणी चमत्कारिक जनावर बांधलं असावं तशी.

मी वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं. कारण ती शिट्टी मी ऐकली होती. शिपाई असताना शर्यतीच्या दिवशी बंदोबस्ताला उभा राहायचो. शर्यत संपली की जिंकलेल्या घोड्याला तपासणीच्या तबेल्यात नेत, आणि त्याने मुतावं म्हणून त्याची निगा राखणारा मोतद्दार असाच शिट्टी मारत उभा राही. घोड्याला लहानपणापासून त्या आवाजाची सवय लावलेली असते. नमुना मिळाल्याशिवाय घोडा सुटत नसे. उत्तेजक सापडलं तर बक्षीस गेलं, मोतद्दारापासून ट्रेनरपर्यंत सगळ्यांची चौकशी.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठल्या तबेल्यात होतास रे?"

शिट्टी तुटली. "काय अण्णा? कसला तबेला?"

"माणसांत राहून ही शिट्टी कुणी शिकत नाही."

त्याने बोळाच्या टोकाच्या, बाहेरच्या दरवाजाकडे पाहिलं. गेला नाही, नुसतं पाहिलं आणि परत माझ्याकडे वळला. चिकपेटात अशा वेळी वडील साडीची घडी घालायला लागायचे. मीही डायरी मिटली. "सरी, ठीक आहे, जा. तुझ्या साहेबाला सांगेन, तू सगळं बोललास म्हणून."

"अय्यो, अण्णा! मी काय बोललो?"

"तेच तू ठरव. खोटं सांगू की खरं?"

ठाण्यात येऊन त्याने सगळं सांगितलं. आयुष्य घोड्यांत गेलं होतं. शहराबाहेरच्या एका खाजगी तबेल्यात अजून ओळख होती. तिथून घोड्यांना द्यायची स्नायू वाढवणारी इंजेक्शनं यायची. लेबलं नखाने खरवडून काढायची, आणि तो ती खेळाडूंना टोचायचा. माप त्याला घोड्याचं ठाऊक, माणसाचं तो अंदाजाने ठरवायचा.

"अंदाजाने?" मी ओरडलो.

"घोड्याला डॉक्टर असतो, अण्णा. यांना कोण होता? व्यवस्थापक म्हणायचे, दे, मी आहे."

कल्याण मंटपाच्या स्वयंपाकघरात झडती घेतली. जुन्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यामागे बाटल्या सापडल्या. एकीवरचं लेबल नीट खरवडलेलं नव्हतं, घोड्याचं अर्धं तोंड शिल्लक होतं. पंचांसमोर मोहोरबंद केल्या.

पण मालिशवाल्याचा जबाब म्हणजे सहआरोपीचा जबाब, तो एकटा कोर्टात टिकत नाही. व्यवस्थापकापर्यंत पोचायला ज्याला टोचलं त्या माणसाची साक्ष हवी होती. मी पुन्हा चढाईपटूसमोर बसलो. बाटली टेबलावर ठेवली. घोड्याचं अर्धं तोंड त्याच्याकडे.

त्याने बोटाने बाटली फिरवून ते तोंड पलीकडे केलं. मग म्हणाला, "आमाला सांगितलं, ताकदीचं हाय. जीवनसत्त्व. त्याला छातीत धडधडायला लागलं तवा मीच म्हटलं, सोड की. तर व्यवस्थापक म्हणले, ज्याला सोडायचं त्यानं संघ बी सोडावा."

"हे लिहून देशील?"

"लिवलं तर माझं नाव येतंय. मी बी घेतलंय, सायेब. मला कायमचं बाहेर काढतील. तुमाला व्यवस्थापक पायजे, मला खेळायचंय. मला काय देताय?"

सरळ सौदा होता. मला तो पोरगा तिथेच आवडला. मी बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन लावला. स्पष्ट विचारलं, साक्षीदार म्हणून याला सांभाळणार का, खेळाच्या संघटनेला तसं पत्र जाणार का? साहेब म्हणाले, "दे शब्द. आपण बघू." मी आत येऊन शब्द दिला. हात पुढे केला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला. जबाब झाला, सही झाली.

आता पुढचं ऐका, कारण माझं खरं भांडण इथे आहे.

कागदपत्रं वर गेली आणि वरून प्रश्न आला: नेमका गुन्हा कोणता? परवान्याशिवाय घोड्याचं औषध बाळगलं, तेवढा होतो. माणसाला टोचलं? तो सज्ञान होता, मांडी त्याने स्वतः पुढे केली. मृत्यू? वैद्यकीय अहवालात 'संभाव्य' असा शब्द होता. त्या एका शब्दावर विधी सल्लागाराने सगळं उभं केलं आणि सगळं आडवं केलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, मी शब्द दिलाय. तुमच्या सांगण्यावरून."

"अरे, खेळाचा अंतर्गत मामला आहे तो. सरकारने त्यात किती पडायचं?"

व्यवस्थापकाचं वाक्य साहेबांच्या तोंडून आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. त्यानंतर लवकरच माझी बदली प्रशिक्षण केंद्रात झाली, नव्या शिपायांना सलाम शिकवायला. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होतो.

मालिशवाला काही दिवस आत राहून जामिनावर सुटला. व्यवस्थापकाने आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचं लिहून दिलं आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या संघाकडे गेला. चढाईपटूचा जबाब संघटनेच्या शिस्तपालन समितीकडे पाठवण्यात आला. सांभाळून घ्या असं पत्र त्यासोबत गेलंच नाही. समितीपुढे एकच कागद होता, आणि त्यात पोराने स्वतः घेतल्याचं कबूल केलेलं होतं. त्याच्यावर बंदी आली. सगळ्या प्रकरणात खेळायचं बंद झालं ते फक्त खरं बोललेल्याचं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात चहाच्या वेळी या विषयावर वाद होतात. पुण्याहून आलेले आयटीतले तरुण मला म्हणतात, "काका, प्रोफेशनल खेळ हा प्रायव्हेट बिझनेस आहे. सरकार कशाला मध्ये? उद्या पोलीस ड्रेसिंग रूममध्ये घुसतील." पोलीस काय करू शकतात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खेळाडूच्या पिशव्या उपसणारा हवालदार मलाही नको आहे. पण सरकार मध्ये नाही, हे कुणी सांगितलं? मैदानाची जमीन सरकार देतं. सामन्याला बंदोबस्त सरकार देतं, मी स्वतः तासन्‌तास उभा राहिलोय. जिंकलं की मंत्री हार घालतात आणि कोट्यातली नोकरी जाहीर करतात. खेळाडू मैदानावर मरून पडला की तेवढ्यापुरतं सरकार बाहेर जातं. मला एवढंच हवं होतं की टोचणारा आणि टोचायला लावणारा फौजदारी गुन्हेगार ठरावा, आणि जो सांगायला पुढे येईल त्याला कायद्याने आडोसा मिळावा. इन्स्पेक्टरच्या शब्दावर त्याला लटकायला लागू नये. घोड्यामागे पैज लागलेली असते म्हणून घोड्याचं मूत तपासल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. त्या बचावपटूच्या मागे फक्त त्याची आई होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर उत्तर माझ्यापाशी एकच आहे. मी आयुष्यभर सौदे केले आणि एकही मोडला नाही. हा एक मी सरकारच्या वतीने केला होता.

मागच्या वर्षी मुलीने इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने फ्लॅट घेतला. मी पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो होतो. फाटकावर आडवा दांडा, निळ्या गणवेशातला पहारेकरी. रुंद खांदे बघूनच मी चढाईपटूला ओळखलं. त्यानेही ओळखलं. मी काच खाली केली.

"ओळखपत्र दावा, सायेब," तो म्हणाला.

मागची गाडी भोंगा वाजवायला लागली. एरवी फाटकावर मला कुणी थांबवलं तर माझा आवाज चढतो. त्या दिवशी चढला नाही. मी मुकाट्याने ओळखपत्र काढून दिलं. त्याने ते उलटसुलट करून नीट पाहिलं, फोटो माझ्या तोंडाशी ताडून बघितला आणि परत केलं.

"राग मानू नका," तो म्हणाला. "आमचं काम हाय. नुसत्या शब्दावर कुणाला आत सोडत न्हाय हितं."

आणि त्याने दांडा वर केला.