पिंड, कावळा आणि कपॅसिटर

माझ्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेना, याला कारण गाडीचा कॉम्प्युटर.

नव्वदच्या दशकात अण्णांनी आखातातून परतलेल्या एकाकडून जुनी जपानी गाडी घेतली. इंजिनाला कॉम्प्युटर असलेली गाडी सांगलीत तेव्हा कुणी पाहिली नव्हती. मी कुपवाडच्या कारखान्यात यंत्रांची विजेची कंट्रोल पॅनेल जोडायचो, म्हणजे घरातला तज्ज्ञच! पण मी दुरुस्त केलेला रेडिओ मुका झाला होता आणि मिक्सर उलटा फिरला होता. त्यामुळे "तू लांबूनच बघ," एवढाच मान मला होता.

पुढे गाडी बिघडली. गार असताना ठणठणीत, तापली की मान टाकायची. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप बदलला. ती काही सुधारेना, आणि एका पहाटे अण्णाच गेले. घर भकास झालं. आई रडली नाही, नीट जेवलीही नाही.

अण्णा मूळचे साताऱ्याचे, म्हणून दहावा माहुलीच्या संगमावर. आई, मी आणि कडेगावचे मामा त्याच गाडीतून निघालो. कऱ्हाडच्या पुढं गाडी तापली आणि आत सुक्या बोंबलाचा वास सुटला!

मामा कडाडले, "सुतकात बोंबील खाल्लास व्हय रं?"

"न्हाई ओ मामा, शप्पथ!"

"मग काय गाडीनं खाल्ला?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीनंच! कॉम्प्युटरच्या सर्किटावरचा वीज साठवणारा कपॅसिटर म्हातारा झाला की फुगतो, आतलं रसायन गळतं आणि त्याला सडक्या मासळीचा वास येतो. दुखणं इंजिनात नव्हतंच, मामांच्या पायाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात होतं. (आयुष्यातलं माझं पहिलं अचूक निदान. आणि ते बघायला अण्णा नव्हते.)

रडतखडत माहुली गाठली. गुरुजींनी पिंड मांडले. कावळ्याची वाट बघता बघता मी गाडीतून काढून आणलेला कॉम्प्युटरचा डबा बाजूच्या दगडावर उघडला. दोन कपॅसिटर टम्म फुगलेले, खाली तपकिरी चिकटा. कावळे आले, पिंड ओलांडून थेट डब्याभोवती जमले!

"आक्का, दाजींचा जीव गाडीत अडकलाय बग!" मामा म्हणाले.

"इच्छा पुरी करू म्हणून सांगा," गुरुजी म्हणाले.

मी हात जोडले. "अण्णा, काळजी करू नका. गाडी मी स्वतः दुरुस्त करीन!"

सगळे कावळे उडाले आणि झाडावर जाऊन बसले.

"दाजी, आक्काला मी सांभाळतो!" मामा ओरडले. कावळे ढिम्म. "दाजी, पोराचं लगीन लावतो!" एकानं तर पाठच फिरवली.

ऊन चढलं. आईचा चेहरा उतरला. "ते असे अडकून राहिले तर मी हितनं उठायची न्हाई," ती म्हणाली. आता हसावं असं काही उरलं नव्हतं.

तिनं झाडाकडं बघितलं. मग तिनं माझ्या हातातून डबा काढून घेतला, पदराखाली झाकला आणि म्हणाली, "अहो, ऐकलंत का? ह्याला गाडीला हात लावू देणार न्हाई मी. जावा आता निवांत."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला!

आईला त्या दिवशी पहिल्यांदा रडू फुटलं, आणि मधेच हसूही आलं. गुरुजी म्हणाले, हात जोडा. सगळ्यांनी जोडले. मीही जोडले. तेवढा वेळ तरी माझे हात गाडीपासून लांब होते!