लाल दोऱ्याचं तबक

गिरगावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी मला फसवलं. लालबागच्या फुटपाथवर मी कपबशा विकते. आजवर एकाही घाऊक व्यापाऱ्याला तडा गेलेला माल माझ्या गळ्यात मारता आलेला नाही. देवळातल्या माणसांनी मारला. तोही माझ्याच हातानं आणवून.

प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटायचा रविवार होता. उपासना संपली होती, माणसं अंगणात सलाम करत, एकमेकांची खुशाली विचारत उभी होती. मी मागच्या खोलीकडे गेले. द्राक्षारसाचे छोटे काचेचे ग्लास मी आणून दिले होते, ते धुताना फुटतात की काय ते बघायचं होतं. सवय माझी. माल दिला तरी जीव त्यात अडकलेला असतो. दार लोटलेलं होतं. आत माई होत्या. माई म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, आणि भाऊसाहेब म्हणजे पंचांचे प्रमुख. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, मूळचे ब्राह्मण, आणि ते मूळ कुणालाही विसरू न देणारे. माई झाडलोट करणाऱ्या बाईला सांगत होत्या.

"हे तबक इथं धू. ते लाल दोऱ्याचं बाहेरच्या नळावर ने."

"दोन्ही सारखीच दिसतात की, माई."

"म्हणून तर दोरा बांधलाय. ते परळचं. राखेनं घास. आणि फडकं वेगळं घे गं बाई, नाहीतर मागच्यासारखं करशील."

मागच्यासारखं. म्हणजे हे आजचं नव्हतं.

काळ्या मनुका उकळून माईच तो रस करतात. त्याचा गोडवा अजून माझ्या जिभेवर होता. मी गटारापाशी गेले आणि थुंकले. तोंड धुतलं. पुन्हा थुंकले. चव जाईना.

आमचं गाव नगरकडचं. वेशीजवळ चहाचं हॉटेल होतं. हॉटेलच्या बाहेर, छपराच्या वाशाला, एक कप अडकवलेला असायचा. टवके उडालेला, बशी नसलेला. तो आमचा. बापानं चहा मागितला की तो कप स्वतः काढायचा, जमिनीवर ठेवायचा. हॉटेलवाला वरून ओतायचा. पिऊन झालं की धुवायचा, परत वाशाला. माझा बाप देवासाठी ख्रिस्ती झाला असं खोटं मी सांगणार नाही. तो कपासाठी झाला. एकच प्याला पाळकांनी सगळ्यांच्या ओठांना लावलेला त्यानं बघितला आणि घरी येऊन आईला म्हणाला, "तिथं वाशाला काय बी न्हाई." देव त्याला नंतर भेटला.

मुंबईत येऊन बाप गिरणीत लागला. माझा नवराही गिरणीतलाच. तो खोकून खोकून गेला. मग मी टोपलीत चार कप घेऊन फुटपाथवर बसले. आज माझी स्वतःची फळी आहे, इराणी हॉटेलवाले माझ्याकडून माल उचलतात. लालबाग माझ्या जिभेला घाबरतं. घाबरावंच.

परळला एका चाळीत आमची प्रार्थनेची खोली होती. जुने पाळक महिन्यातून एकदा चांदीचा प्याला फडक्यात गुंडाळून गिरगावातून आणायचे. आम्ही सगळे त्यातून प्यायचो. गिरणीतले, झाडूखात्यातले, गोदीतले. तळाला उरेल ते शेवटी पाळक स्वतः प्यायचे. आमच्या सगळ्यांच्या ओठांनंतर. आई दर वेळी ते बघायची आणि दर वेळी डोळे पुसायची.

ते निवृत्त होऊन गावी गेले. नवे पाळक येईपर्यंत कारभार पंचांकडे आला. पंचांनी पहिलं काम केलं ते परळची खोली बंद. सगळ्यांनी गिरगावात यावं, आता एक मंडळी, एक छप्पर. आम्ही खूष झालो. आमच्या चाळीतल्या बायकांनी पातळं धुऊन इस्त्रीला दिली.

त्याच आठवड्यात भाऊसाहेब माझ्या फळीवर आले. कोट घालून, भर दुपारी.

"बाई, हे काम तुझ्याशिवाय कोण करणार? लहान ग्लास पाहिजेत. अंगठ्याएवढे. ज्याचा त्याला वेगळा."

"आणि प्याला?"

"प्याला कपाटात राहील. अगं, गिरणगावात क्षय किती आहे! तुला मी सांगायला हवं का? तुझ्या घरात तू बघितलंयस. तुझ्या नवऱ्यासारखं आणखी कुणाचं व्हावं का?"

तिथं मी फसले. माझा मेलेला नवरा त्यांनी तागडीत टाकला आणि माझं पारडं खाली गेलं. मी मान हलवली. वर अभिमानही वाटला. एवढा मोठा माणूस माझ्याकडे आला! व्यापाऱ्याकडे जाऊन मी इतकी घासाघीस केली की त्यानं कानाला हात लावला. म्हणाला, "बाई, तुमच्या देवाला सांगा, पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला पाठव." रे रोडच्या एका सुताराकडून भोकं पाडलेली लाकडी तबकं करून घेतली. दोन. दोन कशाला, हे मी विचारलं नाही. माणसं वाढली, दोन लागतील. एवढाच विचार केला मी शहाणीनं.

पहिल्या वेळी ग्लासातून पिऊन आई घरी येताना म्हणाली, "गलास चांगलं हायत गं. पर गार लागत्यात. प्याल्याच्या कडंला आधीच्या माणसाची ऊब असायची."

मी तिला म्हणाले, "आई, क्षय होतो त्या उबेनं."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडानं.

तर त्या रविवारी, तोंड धुऊन, मी तशीच अंगणात गेले. भाऊसाहेब चार माणसांत उभे होते. विषय संयुक्त महाराष्ट्राचा. आदल्या संध्याकाळी त्यांनी गिरगावातल्या एका सभेत भाषण केलं होतं, मराठी माणूस सगळा एक, त्यात जात नाही, धर्म नाही. लोक अजून त्यांचं कौतुक करत होते. त्या वर्षात गोळीबार झाले, हरताळ झाले, माझी फळी कितीदा बंद राहिली, एकदा तर पळापळीत अर्धा माल फुटला. मी हूं की चूं केलं नाही. मुंबई आमचीही होती ना.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, दोरा कशाला बांधलाय तबकाला?"

त्यांनी मला बाजूला नेलं. "क्षयाचं मी तुला सांगितलं होतं."

"मग माईंचे भाऊ? आठ महिने क्षयाच्या दवाखान्यात काढून आलेत. पहिल्या बाकावर बसून खोकतात. त्यांचा ग्लास बिनदोऱ्याच्या तबकात कसा?"

असल्या माणसांना उत्तर नसलं की ते आवाजाबद्दल बोलतात.

"आवाज खाली. हे देऊळ आहे, लालबाग नाही. आणि हे बघ, नवे पाळक येतायत. तुमच्यातलेच आहेत. त्यांच्यासमोर तरी शोभा करू नकोस."

तुमच्यातलेच. एका शब्दात त्यांनी पाळकालाही दोरा बांधला.

तरी मी गप्प बसले, ते त्याच शब्दामुळे. आमच्यातला माणूस येतोय. त्याला कळेल. मंडळीत त्याच्या निवडीला हात वर व्हायचे होते, त्यासाठी मी परळला घरोघर फिरले.

चाळीत मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून शेजारच्या सगुणेनं ओळखलं. तिच्या घरानं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. तिनं सगळं काढून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, तुमचा देव पण सोवळ्यातला निघाला की गं!"

"देव नाही. पंच."

"देवळात कोण बसतं? पंचच ना?"

मला तिचा राग आला. ती खोटं बोलत नव्हती म्हणून जास्त आला.

नवे पाळक आले. तरुण, चष्मा लावणारे, वाणी गोड. आल्या आल्या परळला घरोघर फिरले. आमच्या खोलीत सतरंजीवर बसले, आईच्या हातचा चहा बशीत ओतून फुरके मारत प्याले. आई हरखून गेली. तिला आता डोळ्यांनी धड दिसत नाही, पण फुरक्यांच्या आवाजानं तिचा चेहरा उजळला. मी त्यांना बाहेर गॅलरीत घेऊन सगळं सांगितलं. नळ, राख, फडकं, दोरा. त्यांचे डोळे भरले.

"ताई, माझ्या आजोबांचा पण असाच कप होता. आमच्या गावच्या हॉटेलात."

"मग तुमच्या स्थापनेच्या दिवशी प्याला काढा. कपाटातला. सगळ्यांना एकच."

"मी नवा आहे, ताई. हळूहळू..."

"हळूहळू नाही. हा सौदा आहे. तुमच्या निवडीला परळचा एकही हात खाली राहिला नाही. तुमच्यासाठी मी घरोघर फिरलेय. माझ्या धंद्यात शब्द मोडणाऱ्याला मी फळीला हात लावू देत नाही."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "प्याला काढतो."

"नक्की?"

"नक्की. शब्द."

पाळकांना रीतसर नेमायचं त्या स्थापनेच्या रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. टेबलावर पांढरं कापड आणि मधोमध चांदीचा प्याला. घासून लख्ख केलेला. मी आईच्या कानात सांगितलं, "आई, प्याला आहे." तिनं पदर सारखा केला, ओठ पुसले.

पाळकांनी प्याला दोन्ही हातांनी उचलला. प्रार्थना केली. डोळे मिटून, सुंदर केली. प्याला परत टेबलावर ठेवला. आणि बाजूच्या दारातून दोन्ही तबकं बाहेर आली.

प्याला रिकामा होता. दाखवायला काढला होता. मला दिलेला शब्द असा पाळला गेला. प्याला काढतो म्हणाले होते, काढला. असला सौदा तर फुटक्या मालाचे दलालसुद्धा करत नाहीत.

बिनदोऱ्याचं तबक पुढच्या बाकांवर फिरलं. लाल दोऱ्याचं आमच्याकडे आलं. आईनं दोन्ही तळवे पसरले, प्याला घ्यायला पसरतात तसे. बोटांना ग्लास लागले. ती चाचपत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "प्याला कुठंय गं?"

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसलं. बाईचं हसू होतं, दाबलेलं.

मी उठले. वाटणाऱ्याच्या हातातून तबक घेतलं. त्यानं दिलं, त्याला काय करावं सुचेना. टेबलापाशी गेले आणि एकेक ग्लास त्या प्याल्यात ओतला. पाळक माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी मला अडवलं नाही. मदतही केली नाही. प्याला घेऊन मी आईकडे आले. ती दोन्ही हातांनी धरून प्याली. मग मी. मग आमचा बाक, मागचा बाक. गोदीतला एक म्हातारा हात जोडून प्याला. दोघांनी मान खाली घातली आणि घेतला नाही. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पोरांच्या शाळेची फी पंचांच्या फंडातून जाते.

मग मी भाऊसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"घ्या. क्षयाची भीती असेल तर आधी मेव्हण्यांना द्या."

"बाई, देवाच्या घराचा बाजार करू नकोस."

"बाजारात एक माल दाखवून दुसरा देणाऱ्याला हाकलून काढतात, भाऊसाहेब. तुम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवता."

माईंनी नाकाला रुमाल लावला. प्याल्याचा वास यावा तसा. तो रस त्यांनीच केला होता, आदल्या दिवशी, आपल्या स्वयंपाकघरात. त्यात बिघडलं होतं ते एवढंच की आमचे ओठ लागले होते. इतकी किळस मला गावच्या हॉटेलवाल्याची कधी आली नाही. तो निदान वाशाला कप उघड अडकवायचा. वर प्रार्थना म्हणत नव्हता.

शेवटी मी पाळकांपुढे प्याला धरला. तळाला घोटभर उरला होता. जुने पाळक प्यायचे तेवढाच. त्यांचे हात पुढे आले. खरंच आले, मी बघितले. बोटं प्याल्याला लागली. मग त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब त्यांच्याकडेच बघत होते. आणि पाळकांचे हात मागे गेले. झग्याच्या बाह्यांत.

"ताई, नंतर बोलू," ते म्हणाले.

मी प्याला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, आईचा हात धरला आणि बाहेर आले. देवळाच्या पायऱ्यांवर आईनं विचारलं, "पाळक प्यालं का गं शेवटाला?"

मी खोटं बोलू शकले असते. तिला दिसत नाही. मी सांगितलं, "नाही." ती कठडा चाचपत पुढची पायरी उतरली.

आता पंचांचा निरोप आलाय. माफी मागावी, नाहीतर प्रभुभोजनातून वगळू. सगुणा म्हणते, सोड ते देऊळ, आमच्यात ये. तिच्या म्हणण्यात तिरकसपणा नाही, मला कळतं. पण मी माफीही मागणार नाही आणि जाणारही नाही. मी का जाऊ? दोरा मी बांधला नाही. त्या देवळाच्या वहीत माझ्या बापाचं नाव लिहिलेलं आहे आणि तसल्याच एका प्याल्यासाठी तो ख्रिस्ती झाला. मला वगळायचं तर हाताला धरून बाहेर काढावं लागेल. ज्याला माझा उष्टा प्याला चालत नाही त्याला माझा हात धरावा लागेल. बघू कोण पुढे येतो ते.

भाऊसाहेबांकडून मला काही ऐकायचं नाही. ते जे आहेत ते आहेत, तीन पिढ्यांपासून. उत्तर द्यायचंय पाळकसाहेबांनी. तुमच्या आजोबांचा कप वाशाला होता, हे तुम्ही मला रडून सांगितलंत. माझ्या आईच्या बशीतून चहा प्यालात तो कुणाला दिसत नव्हता म्हणून प्यालात का? पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी आईला घेऊन पहिल्या बाकावर बसणार आहे. सगळ्या मंडळीसमोर उभे राहा आणि सांगा, हात मागे का घेतलात. भाऊसाहेबांकडे बघून सांगू नका. मला सांगू नका. माझ्या आईला सांगा, आणि मोठ्यानं सांगा. तिला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.