तिसरा पट्टा

चाकणजवळ निघोज्याच्या एका शेडमध्ये गाड्यांचे लहान एलईडी दिवे तयार होतात. आष्टीकडून आलेल्या शालनबाई तिथं, केस काळे होते तेव्हापासून, दिव्याला रेझिस्टर जोडत आल्या. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, अंगावर रंगांचे पट्टे. बैलाला वेसण, तसा बॅटरीच्या जोराला हा. हलका पडला तर दिवा जळतो.

हल्ली शालनबाईंचे डोळे थकले होते. पिवळा दिसे, जांभळा दिसे. तिसरा पट्टा तपकिरी की काळा, तेवढं कळेना. तपकिरी त्यांच्या दिव्याचा. काळा दुसऱ्या मालाचा, फार हलका. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गुडघे गेलेले, आणि अख्ख्या शेडमध्ये बसून करायचं काम हे एवढंच. टेबलावर दोन्ही मालांचे दोन डबे असत; डावा आपला, इतकं धरून त्या हात चालवत राहिल्या.

खंडेनवमीला मशिनी पुसल्या, डबे धुतले, हळदीकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर शालनबाईंनी सवयीनं डाव्या डब्यात हात घातला.

दुपारी शेजारच्या टेबलावर दिवे तपासणाऱ्या पूनमनं बॅटरीच्या तारा शालनबाईंच्या दिव्याला लावल्या. दिवा भडकला नि विझला. दुसराही तसाच. जळका वास सुटला.

"मावशी, दिवाळी आत्ताच काढली व्हय?" पूनम हसली. आणखी दोन गेले तेव्हा तिचं हसू थांबलं.

सुपरवायझर योगिनी मॅडमनी रेझिस्टर उजेडात धरला. "काळा पट्टा! डब्यांची अदलाबदल झालीये. धुतले कुणी?"

झाडणारी अंबुबाई पुढं आली. "म्या. देवाचं काम म्हणून धुतलं. आत काय हाय, मला काय ठावं?"

"उद्यापासून येऊ नका."

अंबुबाईनं झाडू भिंतीला टेकवला. शालनबाईंची खुर्ची शाबूत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी हातातली कामाची पकड खाली ठेवली.

"मॅडम, डबे कसेबी असू द्या, जोडणारीनं पट्टा बघायचा असतो. मला दिसंना झालंय. लई दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर उभ्याच्या कामाला घातलं असतं."

योगिनी मॅडमनी जळके दिवे बाजूला सारले. "अंबुबाई, झाडू घ्या. शालनबाई, तुम्ही पॅकिंगला. तिकडं खुर्ची नाही."

"ठाऊक हाय."

"येडी हायेस गं तू," जवळून जाताना अंबुबाई पुटपुटली.

शालनबाईंनी पॅकिंगच्या टेबलाला कंबर टेकवली, अंगाचा भार त्यातल्या त्यात बऱ्या गुडघ्यावर घेतला आणि पहिलं खोकं उघडलं.