गुणाजी परबांच्या तोंडचा नवस

पुरण अर्धं यंत्रातून उतरलं होतं, अर्धं पातेल्यात वाफाळत होतं, तेवढ्यात सुबोध नारळ घेऊन परत आला.

"परबकाका नाही म्हणाले, आई. दार तोंडावर लावलं."

हात न धुताच मी वरच्या मजल्यावर गेले.

आज फाल्गुन पौर्णिमा. गेल्या होळीला माझा सुबोध इस्पितळात होता. पवईच्या उतारावर बाइक घसरली, पायात सळी घातली, आणि पोरगा पुन्हा सरळ चालेल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. तेव्हा होळीसमोर गुणाजी परबांनी आमच्यासाठी नवस बांधला: स्वतःच्या पायांनी होळीपर्यंत आला, तर त्याच्या हातून नारळ देऊ. पोरगा चालतोय. आमच्याकडे रीत अशी की ज्या तोंडानं नवस बांधला, त्याच तोंडानं सोडायचा. तसाच राहिला तर घरावर बसतो. आणि ते तोंड परबांचं! एवढ्या पवित्र कामाला देवाला दुसरं तोंड सापडलं नाही, ही माझी देवाकडे तक्रार आहे.

साकीनाक्याच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभं राहून परबांचे कान गेलेत, त्यामुळे ते बोलतात ते अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. आणि बोलतात म्हणजे भांडतात. लिफ्टमध्ये कुत्रा आणला, भांडण. दाराबाहेर चपला काढल्या, भांडण. एकदा तर पाणी जास्त वेळ आलं म्हणून भांडले. बायको सुंदराबाई होत्या तोवर आतून "पुरे" एवढा एक शब्द यायचा की हे गप्प. त्या गेल्या आणि झाकणच उडालं. मुलगा अनिरुद्ध कुर्ल्याला असतो. गणपतीला येतो, आरतीआधी भांडून जातो. घाटकोपरला इथेच आमची चाळ होती, तेव्हा होळीचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवापुढचं मागणं, परबांचे वडील घालायचे. चाळ पाडून टॉवर झाला आणि गाऱ्हाणं यांच्याकडे आलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे राहिले की आवाज असा खोल लागतो की अंगावर काटा येतो. एवढं एक मानते, बाकी काही नाही.

यंदाचं भांडण लाकडांचं. होळीची लाकडं परबांनी महिनाभर आधी आणून जिन्यात रचली. वर स्वतःच्या दारात नाही हं, खाली माझ्या! वाळवी लागली, झुरळं झाली. मी सफाईवाल्याला सांगून ती कचऱ्याच्या गाडीत घालवली. पुढच्या वर्षी ठेवली तर पुन्हा घालवीन.

दार उघडताच मी म्हटलं, "भाऊ, नवस तुम्ही बांधलाय. सोडायलाही तुम्हीच हवे."

"माझी लाकडां कचऱ्याच्या गाडयेत घातलंस ना? मगे त्या गाडयेवाल्याकच सांग गाऱ्हाणा घालूक!"

"वाळवी लागली होती त्यांना."

"वाळवी तुझ्या जिभेक लागली हा, सुबोधच्या आवशी!"

"पोराचं काय चुकलं?"

"तेची आवस चुकली."

"होळीला माणसं भांडणं मिटवतात, भाऊ."

"होळयेक माणसां लाकडां जाळतत. माझी खंय आसत?"

दार आपटलं. शेजारची प्रेमा चौकटीत उभी राहून मजा बघत होती. "काय गं, हाताला पुरण फासून भांडायला आलीस? थोडं जिभेला तरी लावायचंस."

"तू गप बस गं!"

घरी आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना, भटजींना विचारू."

"भटजी आले होते नवस बांधायला?" मी म्हटलं, आणि उरलेलं पुरण वाटायला बसले.

संध्याकाळी कंपाउंडमध्ये वखारीतून आणलेल्या लाकडांची होळी रचली. टाकीमागून चंद्र वर आला. पेटवण्याआधी गाऱ्हाणं. एकानं बोलायचं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. ज्याला होय मिळालं ते देवाकडे पोचलं, मग ते माणसाला परत घेता येत नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

परबांनी घराघराचं नाव घेऊन नारळ ठेवले. आमच्यापाशी आले आणि सुबोधला ओलांडून पुढे गेले. वर आवाज चढवून म्हणाले, "आणि जिणा तुझी लाकडां कचऱ्यात घातल्यान, तिची अक्कल ठिकाणार हाड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. सवयच ती. सगळ्यात मोठ्यानं कोण, तर आमचे हे! मग हशा पिकला.

सेक्रेटरी हर्षदनं काडेपेटी काढली. मी सुबोधचा हात धरून पुढे झाले. बाई गाऱ्हाणं घालत नाही, ठाऊक आहे मला.

"बा देवा महाराजा!"

आधी पोरांनी, मग मोठ्यांनी: "होय म्हाराजा!"

"गेल्या साली या लेकराचा नवस बांधला, महाराजा!"

"होय म्हाराजा!"

"लेकरू आपल्या पायांनी आलं. पण ज्यानं बांधला तो सोडत नाही. तर हा नवस आमच्या घरावरून उचल आणि ज्यानं अडवलाय त्याच्या माथ्यावर ठेव, महाराजा!"

"होय म्हाराजा!"

बोलून गेल्यावर लोकांच्या ध्यानात आलं. प्रेमानं तोंडावर हात ठेवला. परब माणसांवर भुंकतात, पण देवाला टरकतात. चेहरा राखेसारखा झाला.

"ह्या काय केलंस गो? मागे घे."

"होय मिळालंय, भाऊ. मागे कसं घेऊ?"

त्यांनी सुबोधचं मनगट असं ओढलं की पोरगा धडपडलाच असता. नारळावर त्याचा हात दाबून धरला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचो नवस मियां बांधललो, आज मियांच सोडतंय. तेच्यार नाय, माझ्यार नाय, कोणाच्याच माथ्यार ऱ्हवाक नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" त्यात मीही होते.

होळी पेटली. शिमग्याची बोंब मारताना त्यांनी माझं नाव घेतलं, मी त्यांचं. त्या बोंबेचा राग धरायचा नसतो म्हणतात. आम्ही दोघांनी धरला. भाजक्या खोबऱ्याचं ताट त्यांनी सुबोधपुढे केलं, माझ्यासमोरून वळवून नेलं. "माझ्या दाराकडे फिरकू नको," म्हणाले. "बोलावलंत तरी येत नाही," मी म्हटलं. होळीत वर्षाचं वैर जळतं, असं कीर्तनात सांगतात. जळत असेल कुणाचं. मी वर पोळी पाठवलेली नाही आणि पाठवणारही नाही. नवस सुटला, पोराच्या डोक्यावर काही उरलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

उद्या धुळवडीला डेअरी बंद, म्हणून आत्ताच खाली जाऊन दुधाच्या दोन पिशव्या आणते.