हिंदुरावांचं रंगीत आरमार

निरवांगीच्या हिंदुराव रणवरेंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. उजनीच्या पाण्यात होडीत बसायची वेळ आली, तर ते दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटून घेत. घराच्या भिंती मात्र लढाऊ जहाजांनी भरलेल्या.

इंदापूरच्या रद्दीच्या दुकानात त्यांना एकदा एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. आत दुसऱ्या महायुद्धातल्या ताफ्याचा रंगीत फोटो. तोवर त्यांना वाटायचं, ते सगळं युद्ध काळंपांढरंच झालं. आणि इथं निळंशार पाणी, लाल निशाण, उन्हानं भाजलेले खलाशी! तेव्हापासून ते असे फोटो गोळा करत सुटले. संगणकावर मागाहून रंगवलेला फोटो चालत नसे. "रंग त्या येळचाच पायजे. मेकअप नगं," असं ते फ्रेम करणाऱ्या अय्युबला बजावत.

शाळेत नव्यानं आलेल्या राजेश्वरी मॅडमनी त्या भिंती पाहिल्या आणि पंधरा ऑगस्टला फोटो घेऊन यायचं आमंत्रण दिलं. हिंदुराव इस्त्रीचा सदरा घालून गेले. मॅडमनी माईक घेतला, "देशासाठी आयुष्य समुद्रावर घालवणारे आपले माजी नौसैनिक..."

सगळं गाव खो-खो हसायला लागलं.

हिंदुरावांचे कान तापले. ते उठले. "मॅडम, माझं आयुष्य उसाच्या सरीत गेलं. पानी गुडघ्याच्या वर आलं की मला घेरी येती."

"मग ही जहाजं?"

"आवडत्यात म्हनून."

आता मॅडमही हसल्या. फोटो हातोहात फिरू लागले. एक जहाज चक्क गुलाबी होतं.

"तात्या, हे लग्नाला निघालंय का?" गर्दीतून गेणबा ओरडला.

"अरं, पहाटं-सांजच्याला शत्रूला दिसू नये म्हनून तसला रंग द्यायचे!" हिंदुराव तावातावानं सांगू लागले.

बायकांत बसलेल्या हिंदुरावांच्या पत्नी ठमाबाईंनी एक फ्रेम मांडीवर ओढली. संसारात इतकी वर्षं त्यांनी ही जहाजं फक्त पुसली होती.

"अवो, ही दोरी कशाची?"

हिंदुरावांनी चष्मा लावला. तोफेच्या मागं दोरीवर बनियनी वाळत होत्या. पांढऱ्या, आणि मधेच एक पिवळी.

"धुनं हाय गं!"

"मग इतक्या वर्सांत दिसलं न्हाय व्हय?"

"मी तोफा बघत हुतो."

तो फोटो ठमाबाईंनी स्वयंपाकघरात लावून घेतला. आता नवा फोटो आला की आधी त्या बघतात आणि हिंदुराव शेजारी पाट घेऊन निमूट बसतात.